मोबाइलचा बडग्या

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. नागपुरातल्या एका वर्तमानपत्रात मी मुद्रितशोधक होतो. लाल शाई, खाली मान आणि बंद तोंड, असं ते काम. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना आमच्या टेबलावर संगणक आला आणि साहेब म्हणाले, आता चुका हा दाखवेल. त्याने दाखवल्याही. ‘सक्करदरा’ या नागपुरातल्या वस्तीच्या नावाखाली तो रोज इमानेइतबारे लाल रेघ मारायचा आणि ‘मृत्यूनंतर त्यांनी मनोगत व्यक्त केले’ या वाक्यावरून बिनदिक्कत पुढे जायचा. मी ते साहेबांना नेऊन दाखवलं. साहेब म्हणाले, “एवढं वाचते कोण?” तेव्हापासून नवीन काही आलं, की मी त्याच्याकडे आधी चष्म्यावरून बघतो.

बायकोचं म्हणणं, हा मुळात माझा स्वभावच आहे, संगणकावर खापर फोडू नये. असेलही. पण मोबाइलमधलं हवामानाचं ॲप तिनेच उघडलं होतं. आज पाऊस नाही, असं त्यात बघून तिने गच्चीवर मूगवड्या घातल्या आणि दुपारी सक्करदऱ्यात असा झोडपून पाऊस आला, की आम्ही दोघं या वयात परातींसाठी जिन्यावर धावलो. ॲप तेव्हाही कडक ऊनच दाखवत होतं. मी फोन खिडकीबाहेर धरून त्याला पाऊस दाखवला, तर बायको चिडली माझ्यावरच.

टीव्हीच्या बातम्या मी बघत नाही. शेजारी बघतात, भिंत पातळ आहे, तेवढ्यात माझं भागतं. नऊ माणसं नऊ चौकोनांत बसून एकदम ओरडतात आणि दहावा त्यांना शांत राहा म्हणून सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडतो. संध्याकाळी आमच्या घरी एक मालिका लागते. तिच्यातल्या सुनेच्या हातून पूजेचं ताट सुटलं ते सोमवारी, आणि जमिनीला टेकलं गुरुवारी. मधले दोन दिवस सगळं घर एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतं, आणि खोटं कशाला सांगू, बुधवारी मीही बघायला बसलो होतो.

या तक्रारी ऐकून घ्यायला नागपुरातल्याच महाल भागात माझा एक मित्र आहे. त्याचं एका शटरचं टेलरिंगचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. आम्ही दोघं शाळेत एकाच बाकावर होतो. पुढे मी सक्करदऱ्याला राहायला गेलो, तो महालातल्या आमच्या जुन्या गल्लीतच राहिला. निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी दहाला स्कूटर काढून त्याच्याकडे जातो आणि जेवायच्या वेळेला परत येतो. बायको याला माझी दुसरी नोकरी म्हणते. मी स्टुलावर बसून बोलायचं आणि त्याने मशीन चालवत ऐकायचं. त्याचाही धंदा आताशा शिवण्याचा राहिलेला नाही. लोक ऑनलाइन शर्ट मागवतात, तो खांद्यात मोठा आणि पोटात लहान निघतो, मग तो घेऊन याच्याकडे येतात. कुठल्या तरी कंपनीच्या चुका हा दुरुस्त करत बसतो. “म्हणजे तूही मुद्रितशोधकच झालास,” असं मी एकदा पुटपुटलो, तर तो मान मागे टाकून हसला आणि तेच वाक्य शटरबाहेर डोकं काढून सगळ्या गल्लीला ऐकवलं.

आमची लहानपणापासून हीच वाटणी होती. मी पुटपुटायचं आणि त्याने गाजवायचं. शाळेत मास्तरांची नक्कल मी त्याच्या कानात सांगायचो, तो ती उभा राहून करायचा आणि छड्याही तोच खायचा. त्याचा आवाज चार घरं ओलांडून जायचा. वरच्या मजल्यावर वहिनींना चहा सांगायला त्याला कधी जिना चढावा लागला नाही.

तान्ह्या पोळ्याला ही वाटणी फार कामाला यायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात मारबत निघते. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे समजावून सांगावं लागतं. बांबू, कागद आणि जुन्या कपड्यांच्या दोन भल्यामोठ्या बाया करतात, एक काळी आणि एक पिवळी, त्या मारबती. त्यांच्यामागे मोहल्ल्यामोहल्ल्यांचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. त्या वर्षी लोकांना ज्याने छळलं असेल, त्याचा बडग्या करायचा. महागाईचा होतो, खड्ड्यांचा होतो, पुढाऱ्यांचा तर होतोच. तो वाजतगाजत फिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. वाटेत एकाने पीडेचं नाव घेऊन आरोळी द्यायची आणि गर्दीने ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ती पुरी करायची. वर्षभराची पीडा अशी गावाबाहेर घालवतात.

आमच्या गल्लीच्या बडग्याच्या पाट्या आणि आरोळ्या तीसेक वर्षं मी लिहीत आलो. बडग्याचे कपडे मित्र शिवायचा आणि आरोळी तोच द्यायचा. मी गर्दीच्या कडेने, हात मागे बांधून, कोणी अनोळखी माणूस चालावा तसा चालायचो. माझं एखादं वाक्य त्याच्या तोंडून सुटायचं, सगळा रस्ता त्याला उत्तर द्यायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. चारचौघांत मी स्वतः कधी ओरडलो नाही. माझा आवाज वर गेला की चिरकतो, आणि लोक हसतात.

गेल्या दिवाळीनंतर मित्राचा घसा बसला तो उठलाच नाही. शाळा सुटल्यापासून खर्रा त्याच्या गालात होता. तंबाखू-सुपारी घोटून दिलेली ती पुडी त्याला चहाआधी लागायची, चहानंतर लागायची आणि चहा नसला तर जास्तच लागायची. मी त्यावर बोललो नाही असं नाही, पण जितकं टीव्हीवर बोललो तितकं त्यावर बोललो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्र काढलं. आता गळ्याला खाली एक छिद्र आहे, श्वास त्यातून चालतो. त्यावर तो पातळ रुमाल बांधतो, दर शर्टाला जुळणारा, स्वतः शिवलेला.

दवाखान्यात त्याने पाटीवर लिहून बघितलं. त्याचं अक्षर त्यालाच लागत नसे. मग त्याच्या मुलीने त्याच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यात मराठी लिहिलं, की एक बाई ते वाचून दाखवते. फार शांत, फार शुद्ध, बँकेत फोन केल्यावर ‘कृपया प्रतीक्षा करा’ सांगणाऱ्या बाईची धाकटी बहीण असावी. मित्र लिहिणार आपल्या बोलीत आणि ही वाचणार आपल्या थाटात. पहिल्या दिवशी मी दुकानात शिरलो तर ती म्हणाली, “काहून गा, आज लेट केला. बायकोनं मारलं काय.”  शिव्या तर ती अशा देते, की वाकून नमस्कार करावासा वाटतो. भाजीवाला आठवडाभर दुकानात डोकावून बाईला शोधत होता.

मुलीने पुरुषाचा आवाजही शोधून दिला होता. मित्राने तो एकदा ऐकला आणि लिहिलं, “हा मले विमा विकून राहिला असं वाटते.” बाई राहिली.

ज्या वस्तूला मी दिवसभर नावं ठेवायचो, तिच्यातूनच आता माझा मित्र बोलत होता. ती बोलायला लागली, की माझी नजर आपोआप फोनकडे जायची आणि मी फोनलाच उत्तर द्यायचो. एकदा चहा घेऊन आलेल्या वहिनींनी मला धरलं. “भाऊजी, फोनकडे काहून पाहता जी? यायच्याकडे पाहा ना.” मी ओशाळलो. तेव्हापासून त्याच्या तोंडाकडे बघायची सवय लावून घेतली. ओठ तो पूर्वीसारखेच हलवतो, फक्त आवाज निघत नाही. हळूहळू मला ‘चहा’, ‘कात्री’, ‘पाहा कोण येऊन राहिलं’ एवढं ओठांवरून समजायला लागलं.

आखाडात गल्लीची बैठक झाली. यंदाचा बडग्या कशाचा, हा विषय. मी नेहमीप्रमाणे बोललो नाही, कागद लिहून नेला होता. मंडळाच्या सेक्रेटरींनी तो वाचला. यंदा मोबाइलचा बडग्या करावा, असं मी लिहिलं होतं आणि कारणं दिली होती. पोरांचे डोळे गेले, मोठ्यांच्या माना गेल्या, तेरवीला आलेले लोक फोटोला हार घालायच्या आधी त्याच्यासोबत स्वतःचा फोटो काढतात, आणि ज्या माणसाने मोबाइलने घरं तोडली असा व्हिडिओ पाठवला तो त्याच व्हिडिओपायी जेवायला उठत नाही. कागद चांगला उतरला होता. लोकांनी टाळ्या दिल्या. सेक्रेटरींनी विचारलं, कोणाची हरकत? तेव्हा मागच्या भिंतीकडून ती बाई शांतपणे म्हणाली, “मले मंजूर आहे. कपडे मी शिवतो.”

सगळ्यांनी वळून बघितलं. कोणी तरी हसायला लागलं आणि मधेच थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनोन्‌महिने रोज सकाळी मी त्या फोनशी बोलत होतो आणि मोबाइल जाळायचा कागद लिहिताना तो फोन मला एकदाही आठवला नव्हता. माझ्या लेखी तो मोबाइल राहिलाच नव्हता. आमच्या गल्लीत तीसेक बैठका झाल्या असतील, पण असा ठराव आणि असं अनुमोदन कुठे झालं नसेल.

दुसऱ्या दिवशी मी दहा वाजायच्या आधीच दुकानात गेलो. म्हटलं, “चुकलं गा माझं. विषय बदलून टाकू. खड्ड्यांचा करू.”

त्याने बराच वेळ लिहिलं. मी त्याच्याकडे बघत बसलो. मग बाई म्हणाली, “खड्डे दरवर्षीचेच आहेत. मोबाइलचाच कर. मले याचा तुह्यापेक्षा जास्त राग आहे. तुले नुसता त्रास आहे. मले तर याच्याशिवाय भागत नाही.”

 मी विचारलं, “आणि आरोळी?” त्याचं मशीन थांबलं. तीसेक वर्षांत हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. डीजेवर आधी भरून ठेवू, असं कोणी सुचवलं होतं, कोणी स्वतःचं नाव पुढे केलं होतं, आणि त्याने दोन्हीला मान हलवून नाही म्हटलं होतं. त्याला मिरवणुकीत आरोळी द्यायची होती. कशी, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्या दिवशी त्याने एवढंच लिहिलं, “पाहू.”

बडग्या मात्र त्याने असा केला, की तसा मी अजून बघितला नाही. बांबूचा सांगाडा, त्यावर कोटाच्या अस्तराचं काळं चमकदार कापड ताणून बसवलेलं, ती स्क्रीन. बाजूला शेरवानीची मोठी बटणं. स्क्रीनमधून एक मिशीवाला चेहरा जीभ बाहेर काढून बघतो आहे, आणि खांद्यावरून सोडलेले चार्जरच्या वायरचे हात. खांद्यात आणि पोटात माप अगदी बरोबर. कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानदाराला राग येईल, असं मला वाटलं होतं. तो हसतहसत आला आणि म्हणाला, “बडग्या मोबाइलचा आहे न, मग त्याच्या पाठीवर बॅनर आपल्याच दुकानाचं लावा.” मी म्हटलं, “अहो, आम्ही तो जाळणार आहोत.” तर म्हणाला, “काका, जाळताना तर सगळ्यात जास्त लोक पाहतात.” व्यापाराबद्दल माझी मतं चांगली नाहीत, पण त्या माणसापुढे मी हात जोडले. बॅनर लागलं.

श्रावणातल्या एका रविवारी मित्राची मुलगी घरी होती आणि मी वर त्यांच्याकडे जेवायला थांबलो होतो. ती एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. ती म्हणाली, “काका, बाबांचाच आवाज करता येतो. जुने मिरवणुकीचे व्हिडिओ लोकांकडं आहेत. त्याच्यावरून मशीन आवाज शिकते. मग आपण लिहायचं आणि ते बाबांच्या आवाजात बोलते.” वहिनी पोळ्या लाटत होत्या, त्यांचा हात थांबला. मला एकदम वर्तमानपत्रातल्या संगणकाची आठवण झाली, आणि मी नेहमीच्या खवचटपणाने बोलून गेलो, “हे मेलेल्या माणसांचं करतात गं.”

 वहिनी उठून आतल्या खोलीत गेल्या. खाली दुकानातून मशीनचा आवाज येत होता, म्हणजे त्याने ऐकलं नव्हतं, एवढाच काय तो दिलासा. मी आयुष्यभर शब्द तपासण्याचं काम केलं आणि तोंडातून गेलेला हा शब्द मला तपासता आला नाही. ताटावर न बसता मी घरी आलो.

दोन दिवसांनी मी वहिनींची माफी मागितली. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुम्ही खोटं नाही बोलले भाऊजी. असन ते खोटं, असन ते मेलेल्यायचं. पण मले तो आवाज पाहिजे. ‘अवं, चहा ठेव’ एवढं जरी वरपर्यंत ऐकाले भेटलं न, तरी पुरे.” माझ्याजवळ संशयाची पोतीच्या पोती भरलेली आहेत, पण त्या वाक्यावर टाकायला मला त्यातलं काही सापडलं नाही. मीच मग गल्लीतल्या घरोघरी जाऊन जुने व्हिडिओ मागितले. निम्म्यांत नुसता ढोल होता. काहींत मीही दिसलो, कडेला, हात मागे बांधून. मुलीने ते मशीनला शिकवायला घेतले, आणि आरोळी त्याच आवाजात द्यायची असं मित्राने ठरवलं.

पोळ्याच्या आठवड्यात या खटपटीचा एका वाहिनीवाल्यांनाही वास लागला. एक जण कॅमेरा घेऊन आला. त्याने मित्राला खिडकीत उभं करून दूर बघायला सांगितलं. समोर दूर काही नव्हतं, पलीकडच्या घराचा नळ होता. वहिनींना पदराने डोळे पुसायला लावले, आणि उजेड कमी पडला म्हणून पुन्हा एकदा पुसायला लावले. मग मित्राला विचारलं, या क्षणी तुम्हाला काय वाटतं? मित्राने लिहिलं. बाई म्हणाली, “गरम होऊन राहिलं. पंखा लावा.” ते त्यांनी दाखवलं नाही. बासरी लावून खिडकी दाखवली. खालच्या पट्टीत दोन चुका होत्या, त्या मी मोजल्या.

त्याच आठवड्यात मित्राची तपासणी झाली होती. डॉक्टरांना काही शंका आली, त्यांनी गळ्यातला बारीक तुकडा काढून पाठवला होता. रिपोर्ट पोळ्यानंतर मिळणार होता. मी विचारलं तर त्याने पटकन लिहिलं, “ते डॉक्टर पाहतीन. तू पाट्या पाहा.” मला वाटलं, गडी खमका आहे, घाबरतो तो मीच.

तान्ह्या पोळ्याला सकाळपासून ऊन होतं. आमचा बडग्या ठेल्यावर, म्हणजे हातगाडीवर, उभा केला, समोर भोंगा बांधला आणि मुलीने फोनची वायर त्याला जोडून दिली. मित्र नवा पांढरा शर्ट आणि पांढरा रुमाल घालून ठेल्यावर चढला. वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. पुढच्या मोहल्ल्याचा डीजे अजून दूर होता. डीजे ही वस्तू ज्याने काढली त्याला गाणं आवडत नसावं, असं माझं जुनं मत आहे. सेक्रेटरींनी हात वर केला, गल्ली शांत झाली, मित्राने बटण दाबलं.

“पोट्ट्याह्यचे डोळे खानारा मोबाइल...”

तोच होता. शेवटच्या अक्षरावर तो जरा ओढून धरायचा, तेही होतं. दहा वर्षांपूर्वीचा, भरलेल्या छातीचा आवाज. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी कबूल करतो, त्या मशीनने एकही चूक केली नव्हती.

आणि उत्तर आलं नाही.

मी मागे वळून बघितलं. सगळ्या गल्लीचे हात वर गेले होते आणि प्रत्येक हातात मोबाइल होता. आवाज गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो आहे, हे नवल जो तो भरून घेत होता. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणायला कोणाला सुचलंच नाही. मित्राने पुन्हा बटण दाबलं. आरोळी पुन्हा आली, तशीच, केसाचाही फरक नाही. कोणी तरी म्हणालं, “एक बार और लगाव ना, रेकॉर्ड नही हुआ.”

मित्र ठेल्यावरून सगळ्यांकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्याने हाक मारली आणि रस्त्याने ओ दिली, असं कधी झालं नव्हतं की ओ आली नाही. तो रागावला नाही. त्याने फोनची वायर काढली, फोन खिशात टाकला, खाली उतरला आणि गर्दीतून सरळ माझ्याकडे आला. माझे मागे बांधलेले हात सोडवून त्याने एक मनगट धरलं. मी मान हलवली. म्हटलं, “नाही गा, मले नाही जमत. हसतीन लोक.” तो मला ओढतच ठेल्याकडे घेऊन गेला. या वयात ठेल्यावर चढताना माझी चप्पल खाली राहिली.

खिशात यादी होती. मी पहिलं वाक्य ओरडलो आणि आवाज चिरकला, अगदी भीती होती तसाच. लोक हसले. पण हसायला तोंडं उघडली होती, त्या हसण्यातच कुठून तरी ‘घेऊन जा गे मारबत’ आलं. दुसऱ्या वेळेला जरा जास्त आलं. हसताना फोन हलतात, म्हणून काहींनी ते खिशात ठेवले. तिसऱ्या आरोळीला सगळी गल्ली लागली. मित्र माझ्या शेजारी उभा राहून बडग्याच्या बांबूवर हाताने ठेका धरत होता. बातम्यांना झालं, मालिकांना झालं, हवामानाच्या ॲपलाही मी सोडलं नाही, आणि माझी यादी संपली.

मी त्याच्याकडे बघितलं, आता काय म्हणून. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, बस कर म्हणतो आहे. त्याने मान हलवली आणि पुन्हा म्हटलं, सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं. या वेळेला मला कळलं. तो म्हणत होता, “रिपोर्टाची भीती.”

वर्षभरात त्याने माझ्याजवळ किती तरी गोष्टी लिहिल्या होत्या, थट्टा, शिव्या, गिऱ्हाइकांची मापं. हे एकदाही लिहिलं नव्हतं. त्या बाईच्या थंड आवाजात त्याला ते ऐकायचं नसेल. वहिनींना तर कळूच द्यायचं नसेल. आणि मी रोज समोर बसून त्याला खमका समजत होतो.  त्याने माझं मनगट अजून सोडलेलं नव्हतं. ते त्याने एकदा दाबलं. लहानपणी मी कानात सांगायचो आणि तो उभा राहायचा, आज त्याने सांगितलं होतं आणि उभं मला राहायचं होतं. मी डोळे मिटले आणि होता तेवढा श्वास लावून ओरडलो,

“रिपोर्टाची भीती...”

कोणाचा रिपोर्ट, हे ज्यांना माहीत होतं ते ओरडले आणि माहीत नव्हतं तेही ओरडले. त्या सगळ्या गलक्यात ओट्यावरून वहिनींचा आवाज मला वेगळा ऐकू आला, सगळ्यांच्या वर.

“घेऊन जा गे मारबत.”